कुणाच्या हातचं

चपातीच्या तुकड्यांचं तबक समोर आलं तेव्हा शेवंतीनं पदर तोंडावर ओढला आणि मान भिंतीकडे फिरवली.

मी तिच्या शेजारीच बसले होते. तबक घेऊन आलेले शांतवनबाबा म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. ते जरा गोंधळले. नवी आहे, लाजली असेल, असं त्यांना वाटलं. वाकून हळू आवाजात म्हणाले, "घे पोरी. एक तुकडा उचल. भ्यायचं काय त्यात?"

तिनं मान हलवली.

"अगं, तुझ्या नवऱ्यानं आत्ताच घेतला की. घे."

पुरुषांच्या बाजूला बसलेला तिचा नवरा बाबूशा सतरंजीची किनार निरखत होता. बायको काय करणार हे त्याला आधीपासून ठाऊक असावं. शेवंतीनं पदर थोडा बाजूला केला आणि अख्ख्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबा, तुमच्या हातचं आमी बाया खात न्हाई."

पेटीवर हळू आवाजात भजनाची चाल चालू होती, ती थांबली. मागून कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं. मेजामागे उभे असलेले माझे यजमान, म्हणजे मंडळीचे पाळकसाहेब, तोंड उघडं ठेवून बघत राहिले. प्याला तिच्याकडे नेण्याचा प्रश्नच उरला नाही. कशीबशी प्रार्थना झाली आणि उपासना संपली.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या बोरखेडीची ही गोष्ट. तिला चाळीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा तिथल्या शाळेत शिकवायची, पण गाव मला ओळखायचं पाळकीणबाई म्हणून. बाबूशा काळे आणि शेवंती हे फासेपारधी जोडपं. गावाबाहेर माळावर त्यांचं पाल होतं आणि बाबूशा लोकांची रानं राखायचा. गावात काही हरवलं की आधी त्याला उचलायचे. एकदा एक शेळी हरवली, ती नंतर मालकाच्याच सासुरवाडीला सापडली, तरी बाबूशा आतच. तेव्हा आमचे पाळकसाहेब चौकीच्या पायरीवर जाऊन बसले, ते त्याला घेऊनच उठले. तेव्हापासून नवराबायको रविवारी देवळात येऊ लागली. वर्षभरानं दोघांचा नदीत बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याला कुणाची ना नव्हती. नदी काय, सगळ्यांचीच. खरा घोळ होता तो प्रभुभोजनाचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे एक चपाती मोडायची आणि द्राक्षारसाच्या जागी मनुका उकळलेल्या पाण्याचा एक पितळी प्याला सगळ्या मंडळीच्या ओठांना लागायचा. या मंडळीचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. विहिरीवर दुसऱ्यानं उंचावरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलेली माणसं ती. त्यांच्या नातवंडांना या एका प्याल्याचं केवढं मोल असेल! पण मोल आलं की मान आला आणि मान आला की क्रम आला. गावात पहिला बाप्तिस्मा शांतवनबाबांच्या आजोबांचा, म्हणून पहिला घोट त्यांच्या घराण्याचा. पुढे ज्याचा बाप्तिस्मा आधी त्याचं घर आधी. चपातीसुद्धा शांतवनबाबांच्याच चुलीवरची. पूर्वी त्यांची आई करायची, आता त्यांची बायको राहेलकाकू करायच्या आणि त्या दिवशी पहाटेपासून कुणाला चुलीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत.

पारधी जोडप्याला या प्रभुभोजनाच्या मेजावर घ्यायचं की नाही, यावर पंचांच्या तीन बैठका झाल्या. सगळ्यांत आडमुठे शांतवनबाबाच होते. "घाई नको," ते म्हणायचे. "प्याला उष्टा करायला येळ लागत न्हाई." शेवटी तोडगा निघाला, की त्यांना घ्यावं, पण सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी पाळकसाहेब घरात शिरले तेच मुळी "जिंकलो! शिरा टाक!" असं ओरडत. मी शिरा केला, आम्ही खाल्ला. आणि त्या रविवारी देऊळ खच्चून भरलं. आपण केवढं मोठं मन केलं, ते बघायला प्रत्येक जण आला होता.

म्हणूनच ते "तुमच्या हातचं खात न्हाई" फार झोंबलं.

देवळाच्या ओट्यावर नुसता गलका उसळला. देवदान साळवे हे दुसरे पंच, तापट गडी. ते पटका झटकत म्हणाले, "ऐकलंत पाळकसाहेब? आपल्या हातचं तिला चालत न्हाई! म्हणजे आपण बाटवतो तिला! आपण!"

"थांबा हो जरा," पाळकसाहेब म्हणाले, पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

राहेलकाकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. "चार वाजल्यापास्नं उठून कणीक मळली मी. त्या चपातीला हात लावला न्हाई भवानीनं."

शांतवनबाबा मात्र ओट्याच्या कडेला बसून राखेनं प्याला घासत होते, तो घासून कधीच लखलखीत झाला होता तरी घासत होते. मी जवळ गेल्यावर त्यांनी वर न बघता विचारलं, "पाळकीणबाई, तीन बैठका झाल्या आपल्या. तिला कुणी इचारलं व्हतं का?"

"काय विचारायचं?"

"हेच. की बाई, तुला आमच्या हातचं चालंल का?"

कुणीच विचारलं नव्हतं. ते कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना शांतवनबाबा फाटकाशी उभे. "चला माझ्यासंगं माळावर. बाईमानसाकडं एकटा कसा जाऊ?"

"रागवायला चाललात?"

"राग आला व्हता, खोटं कशाला बोलू? आता इचारायला चाललोय."

पालासमोर तीन दगडांच्या चुलीवर शेवंती भाकरी थापत होती. तिची म्हातारी आई बाभळीच्या बुंध्याला टेकून बसली होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. आमची चाहूल लागताच तिनं मान ताठ केली. शेवंती घाबरून उठली. आता हे म्हातारं ओरडणार, असंच तिला वाटलं असणार. शांतवनबाबा सरळ जमिनीवर मांडी घालून बसले.

"सलाम पोरी. बस. भाकर करपंल तुझी."

ती बसली. मग त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं आणि तिनंही न ठेवता सांगितलं.

"बाबा, आमच्यात बाप्ये कुठंबी खात्यात. बाईनं भाईरचं खाल्लं की ती बाटली. मला न्हाई त्याचं काही. जात टाकंल तर टाकू दे. पर ही," तिनं आईकडे बोट केलं. "ही माझ्याच हातचं खाती. मी बाटले की ही माझ्या हातचं पानीबी घ्यायची न्हाई. उपाशी मरंल, पर तोंड उघडायची न्हाई."

"न्हाई उघडायची," म्हातारीनं ठासून सांगितलं.

"मग देवळात येतीस कशाला?" बाबांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता.

शेवंतीनं तव्यावरची भाकरी उलटली. "पाळकसाब म्हनले व्हते, देव शेवटाला लई मोठी पंगत घालनार हाय. सगळ्या जातीची, सगळ्या मुलखाची मान्सं. कुनाला हाकलनार न्हाई. आमाला आजवर कुनी पंगतीला बोलावलं न्हाई बाबा. पंगत उठल्यावर बोलवत्यात. मी तवाच ठरवलं, हितं जायाचं. पर मी तितं जेवायला बसायचं आन् हितं माझी आई उपाशी, ह्ये कसं करू वो?"

मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "देवाला कळतं गं सगळं."

"त्याला कळतं बाई. आईला न्हाई कळत."

शांतवनबाबांनी तव्यावरच्या भाकरीकडे बोट केलं. मग एकदम म्हणाले, "ती भाकर मला दे की चतकोर. सकाळपास्नं चहावर हाय."

शेवंतीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "आमच्यातलं खाल तुमी?"

"भूक लागल्यावर खाऊ नको तर काय करू?" म्हणत त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

तिनं भाकरी दिली, वर तांदुळक्याची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. मलाही दिली. ठेचा असा जहाल, की माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. म्हातारीला दिसत नव्हतं, पण माझ्या सूं सूं करण्यावरून तिला काय ते कळलं आणि ती खुदकन हसली. शांतवनबाबांनी हात चाटूनपुसून खाल्लं.

"पोरी," ते म्हणाले, "फुडच्या महिन्याला प्रभुभोजनाची भाकर तू कर."

"मी?" ती दचकून मागे सरली. "देवाची भाकर? मी पारधीन!"

"तुझ्या हातची आसंल तर तू खाशील न्हवं?"

तिनं आईकडे बघितलं. म्हातारी विचार करत होती. "सोताच्या हातचं खाल्ल्यानं कुनी बाटत न्हाई," असा निवाडा तिनं दिला.

"पर प्याला, बाबा?" शेवंती म्हणाली. "मनुका मी उकळीन, पानी मी भरीन. पर प्याला समद्यांच्या तोंडाला लागून माझ्याकडं येनार. उष्टा."

शांतवनबाबांनी डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "बघू त्याचं," म्हणाले आणि उठले.

वाटेत त्यांची चाल एकदम मंदावली. "पाळकीणबाई, हे राहेलला कोण सांगनार?"

पंचांना न भिणारा माणूस बायकोच्या धास्तीनं बांधावर थांबला होता. शेवटी त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यानंतर महिनाभर राहेलकाकू नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दारातल्या शेळीला सांगायच्या, "तुझ्या मालकाला म्हनावं, ताट वाढलंय." सासूनं मरताना ती चपाती त्यांच्या हातात सोपवली होती. त्यांच्याकडे दुसरा मान होता तरी कोणता? मला त्यांचं फार वाईट वाटायचं, पण शांतवनबाबांचंही मोडवत नव्हतं.

पंचांची चौथी बैठक आमच्याच ओसरीवर झाली. मी आत चहा करत होते, शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तिच्या हातचं आम्ही खायचं आणि तिनं आमचं खायचं न्हाई," देवदान साळवे गरजले, "हा कुठला न्याय? उद्या म्हणेल, तुमच्या हातचा बाप्तिस्माबी नको!"

"देवदान, तुझा आजा आन् माझा आजा एका विहिरीवर वरनं पानी मागायचे," शांतवनबाबा म्हणाले. "तुला आठवन द्यायला न्हाई सांगत, मलाच इसर पडला व्हता म्हनून सांगतो. तीन बैठका आपुन काय ठरवत व्हतो? तिला आत घ्यायची का न्हाई. जसं काय मेज आपल्या बापाचं! वर पंगत बसंल तवा आपुन वाढपी आन् बाकीचं जग जेवनारं, आसं तुला कुनी सांगितलं? तितं आपुनबी बोलावलेलंच."

चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

"मी त्या रविवारी येणार न्हाई," देवदान उठत म्हणाले. "आणखी पाच घरं येणार न्हाईत. मंडळी फुटली तर तुमच्या डोक्यावर."

"आलास तर प्याला तुज्याकडं येनारच," शांतवनबाबा म्हणाले. "न्हाई आलास तर मी तुज्या घरी घेऊन यीन."

पाळकसाहेबांना महिनाभर झोप नव्हती. मंडळी फुटली तर बदली ठरलेली, आणि नुसती बदली नाही, नावाला बट्टा. "काय करू गं?" मला विचारायचे. मी म्हणायचे, "शांतवनबाबांच्या मागं उभं राहा. दुसरं काय येतंय आपल्याला?"

तो रविवार उजाडला. शेवंती नवं लुगडं नेसून आली. डोक्यावर स्वच्छ फडक्यात बांधलेली भाकरी, कडेवर नव्या मडक्यात मनुकांचं पाणी. मागून बाबूशा म्हातारीचा हात धरून. म्हातारी आत आली नाही. दाराबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिली, पोरीची वाट बघत.

देवळात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. देवदान साळवे आले होते, पण दाराशी, एक पाय बाहेर ठेवून. राहेलकाकूही येणार नाही म्हणत म्हणत आल्या होत्या. पदराखाली काहीतरी घट्ट धरून त्या खांबाला टेकून बसल्या.

पाळकसाहेबांनी ज्वारीची ती भाकरी उचलली. प्रार्थना करून मोडली, तर चपातीसारखी मुकाट्यानं फाटली नाही, कडकन मोडली. तबक फिरलं. कुणी तुकडा घेतला, कुणी खाली बघत तबक पुढे सरकवलं. ते शेवंतीकडे आलं तेव्हा तिनं स्वतःच्या हातची भाकरी उचलून तोंडात घातली आणि डोळे मिटून घेतले. तिच्या गालावरून पाणी ओघळलेलं मला दिसलं.

मग प्याला. पाळकसाहेबांनी तो भरून शांतवनबाबांच्या हातात दिला. पहिला घोट त्यांचा. इतक्या वर्षांचा शिरस्ता होता, सगळं देऊळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. शांतवनबाबांनी प्याला छातीशी धरला आणि ते चालू लागले. पहिली रांग गेली, दुसरी गेली. बायकांच्या बाजूनं, आपल्या बायकोसमोरून, ते शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि शेवंतीसमोर गुडघ्यावर बसले. त्या वयात त्यांना तसं बसणं सोपं नव्हतं.

"घे पोरी."

"तुमी आधी की बाबा," ती कुजबुजली.

"न्हाई. तू आधी पी. उष्टा आमी पिऊ."

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली, मोठमोठ्या बिशपांची ऐकली. एवढं मोठं वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

ती प्यायली. तिच्याकडून प्याला घेऊन शांतवनबाबा प्यायले. आणि मग तो शेवटच्या रांगेकडून पुढे, उलटा फिरला. राहेलकाकूंनी प्याला घेताना नवऱ्याकडे बघितलं नाही, पण घोट मात्र दोन घेतले. देवदान साळव्यांपाशी आला तेव्हा ते प्याल्यात बघत राहिले, बघत राहिले, आणि शेवटी कडू काढा प्यावा तसे डोळे गच्च मिटून प्यायले. त्यांचा बाहेरचा पाय आत कधी आला ते मला कळलंच नाही. ज्यांनी भाकरी घेतली नव्हती, त्यांतल्या काहींनी हात पुढे करून तबक परत मागितलं. पाळकसाहेब रडत होते आणि रडताना गात होते, त्यामुळे चाल पार बिघडली.

उपासना संपल्यावर शेवंती धावतच लिंबाखाली गेली. आम्ही सगळे तिच्यामागे. खरी परीक्षा तिथंच होती. म्हातारीनं चाचपडत तिचे दोन्ही हात धरले.

"कुनाच्या हातचं खाल्लं?"

"माझ्याच, आई."

"आन् पानी?"

"मीच उकळलेलं. मीच आधी प्याले."

"आन् ह्या मान्सांनी काय खाल्लं?"

"माझ्याच हातचं. समद्यांनी."

"समद्यांनी? तुजं उष्टंबी?"

"व्हय."

शेवंतीचे हात म्हातारीनं सोडले नव्हते. मग तिनं आमच्या दिशेनं तोंड केलं आणि मोठ्यानं, पंचायतीत निवाडा द्यावा तशी बोलली, "आपल्या हातचं खाल्लं, आपलं उष्टं प्यालं, मंग ही मान्सं आपल्यातलीच झाली की! आता ह्यांच्या हातचं खायला काय हरकत हाय?"

ज्यांना आत घ्यायला आम्ही तीन बैठका घेतल्या होत्या, त्यांनी आम्हाला एका वाक्यात आत घेतलं होतं.

"मला भूक लागलीया," म्हातारी म्हणाली. "हाय का काही कुनाकडं?"

माझ्याकडे काही नव्हतं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. तेवढ्यात राहेलकाकू गर्दीतून पुढे आल्या. पदराखालचं फडकं त्यांनी सोडलं, तर त्यात चपाती. आज तिला मेजावर जागा नाही हे ठाऊक असूनही त्या नेहमीसारख्या पहाटे उठल्या होत्या आणि सासूनं शिकवली तशीच करून बसल्या होत्या. त्या म्हातारीसमोर बसल्या, एक तुकडा मोडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. म्हातारीनं तो तोंडात घातला, बोळक्यानं बराच वेळ चघळला.

"मीठ न्हाई गं हिच्यात," ती म्हणाली, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.